अमावस्येला उघडलेला सेल्फ

“सर, आज गाडी हितंच राहू द्या. उद्या सकाळी पैला नंबर तुमचा,” मी म्हणालो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

“अहो पिराजी, पण झालंय काय ते तरी बघा.”

“हितनंच कळतंय की. सेल्फ गेलाय. पण आज अमावस्या. आज मी लोखंडाला हात लावत न्हाई.”

हेर्लेकर सर कोल्हापूरचे. सावंतवाडीला निघाले होते. गडहिंग्लजच्या चौकात चहाला थांबले आणि परत येऊन किल्ली फिरवली, तर गाडीतून नुसतं ‘टक’ झालं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला हिसका देणारी लहान मोटर. ती फिरतच नव्हती. बाजारातली सगळी गॅरेजं बंद होती. आमच्याकडे त्या काळी अमावस्येला कुणी गॅरेज उघडत नसे. आदल्या दिवशी पान्हे, हातोड्या धुऊन पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू लावायचं, नारळ ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत त्यांना शिवायचं नाही. आम्ही तर जातीनं लोहार. माझ्या वडिलांनी अमावस्येला कधी भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. मीही तो नेम पाळायचो, आणि पाळतो हे चारचौघांत सांगायचोही.

कुणीतरी सरांना माझं घर दाखवलं आणि चार माणसांनी गाडी ढकलत माझ्या दारात आणून सोडली.

“धक्का मारून सुरू होईल हो,” सर म्हणाले, “पण आंबोलीच्या घाटात बंद पडली तर? तिथं धक्का कोण मारणार? आई?”

मागच्या सीटवर त्यांची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली, “मारीन की. फक्त गाडी सुरू झाली म्हणून मला तिथंच सोडून पुढं जाऊ नकोस.”

सगळे हसले. माझी बायको सुगंधा तांब्याभांडं घेऊन बाहेर आली होती, तीही हसली. तिनं म्हातारीला हात धरून उतरवलं आणि घरात आणून खाटेवर बसवलं.

चहा घेताना सर बोलू लागले. कोल्हापुरात त्यांची एक संस्था होती. तिथं त्यांना बायकांसाठी वायंडिंगचा वर्ग चालवायचा होता. पंख्याच्या, पंपाच्या मोटरी जळतात, त्यांची तार काढून नवी बांधायची, ते काम.

“वीस मुली तयार आहेत,” सर म्हणाले. “आठ-दहा तर येऊन बसायलाही लागल्यात. पण घरचे म्हणतात, शिकवायला बाई असेल तरच ठेवू. आता वायंडिंग येणारी बाई आणू कुठून? सहा महिने शोधतोय. आत्ताही त्याच कामाला निघालोय. सावंतवाडीत एकजण आहे म्हणे.”

सुगंधा बशी हातात घेऊन चुलीजवळ उभी होती. ती बशी तिनं कितीतरी वेळ खाली ठेवली नाही.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. गडहिंग्लजात तेव्हा माझ्या वायंडिंगचं नाव होतं. “पिराजीनं बांधलेली मोटर दहा वर्षं बघायला नको,” असं लोक म्हणायचे. पण चार वर्षं माझ्या गॅरेजात आलेली प्रत्येक मोटर सुगंधा बांधत होती. मी खोलायचो, पिशवीत घालून घरी आणायचो, ती बांधायची, मी नेऊन बसवायचो. तिच्या माहेरी शेजारी पटवेकर राहायचे, दागिने रेशमात गाठवणारे. लहानपणी त्यांच्या ओसरीवर बसून ती मंगळसूत्रं, पुतळ्यांच्या माळा गाठवायला शिकली होती. दोरा कुठं ओढायचा आणि कुठं सैल सोडायचा ते तिच्या बोटांना कळायचं. तारेचंही तसंच. मी एकदा तिला नुसतं दाखवलं होतं. पुढच्या महिन्यात ती माझ्या चुका काढायला लागली. हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात बघणारंही कुणी नव्हतं.

“गाडीचा काहीतरी मार्ग काढा,” सर म्हणाले.

मी म्हणालो, “मार्ग एकच. मी सांगतो, तुम्ही सोडवा. तुमचेच पान्हे, तुमचाच हात.”

सरांच्या डिकीत पान्ह्यांची पिशवी होती. पांढरा शर्ट घातलेले सर गोणपाटावर उताणे झोपून गाडीखाली गेले आणि मी हात मागे बांधून वरून सांगू लागलो.

“डावा नट, सर. डावा.”

“माझा डावा का गाडीचा डावा?”

“तुमचा जेवायचा न्हाई तो.”

तासाभरानं सर सेल्फ काढून बाहेर आले. शर्टाची पाठ काळी झाली होती. आजरा रस्त्याला त्यांच्या मावसबहिणीचं घर होतं. तिथं जेवून चार वाजता येतो, तोवर बघा काही होतंय का, नाहीतर मुक्काम करू, असं म्हणून आईला घेऊन ते रिक्षानं गेले.

सेल्फ ओसरीत पोत्यावर पडला होता. मी त्याच्याकडे बघत बसलो. सुगंधानं पदर खोचला आणि समोर येऊन बसली.

“ती पान्ह्याची पिशवी द्या इकडं.”

“अगं, अमावस्या हाय.”

“नेम तुमचा. मी रोज विळी धरते, सांडशी धरते, उलथनं धरते. माझी अमावस्या कवा व्हती?”

पिशवी तिनंच ओढून घेतली. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो, न जाणो सवयीनं पुढे जातील म्हणून.

“कार्बन संपले असतील,” मी म्हणालो. “ते बघ आधी.”

तिनं मागचं झाकण काढलं, आत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या लहान विटा बोटानं दाबून बघितल्या. “अर्ध्या शिल्लक हायेत. ह्यांचं काय न्हाई.” मग तिनं मोटरचं बाहेरचं लोखंडी भांडं तोंडाजवळ नेलं आणि वास घेतला. “कॉइल जळलीया.”

“उगं काय तरी. आधी बुश बघ.”

“वास घ्या.”

मी वास घेतला. ती बरोबर होती. कॉइलच्या तांब्याच्या पट्टीवर गुंडाळलेली सुती फीत जळून गळून गेली होती आणि उघडी पट्टी भांड्याला टेकत होती. मी कार्बन बदलून, पुसून सेल्फ परत बसवला असता तर तो आंबोलीच्या घाटाआधीच बंद पडला असता.

मग ती कामाला लागली. जळकी फीत नखानं खरवडून काढली. पट्टी चिंचेनं घासून ताटासारखी लखलखीत केली. नवी फीत घरात होतीच. ती अडकित्त्यानं कापून घेतली, आणि एक टोक दातात धरून गुंडाळायला सुरुवात केली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा. एकही सुरकुती नाही. ती फीत गुंडाळत होती आणि बोलत होती.

“मी शिकवीन की.”

“काय?”

“सर म्हणत व्हते ते. पोरींना. कोल्हापुरात आक्का हाय, तिच्याकडं राहीन. शनवारी येईन. तुमची भाकरी शेजारच्या काकू करतील, मी सांगून ठेवीन त्यास्नी.”

मी हसलो.

“हसू नका. सहा महिने हिंडालेत ते बाई शोधत. आन् मी हितं चुलीम्होरं.” तिनं वेढा ओढून घट्ट केला. “आल्यावर सांगाल?”

“काय सांगू?”

“हे कुणी केलं ते. तेवढंच सांगा. पुढचं मी बोलीन.”

“सांगीन.”

“माझी आण?”

“सांगीन म्हटलं की.”

फितीला वॉर्निश लावून तिनं ती कॉइल शेगडीच्या धगीवर धरली. पापड भाजताना फिरवतात तशी हळूहळू फिरवत राहिली, कुठं जास्त लागू दिलं नाही. सुकल्यावर परत भांड्यात बसवली. साडेतीनला तिनं सेल्फ अंगणात गाडीजवळ नेला, पायानं जमिनीवर दाबून धरला आणि गाडीच्या बॅटरीची जाड तार त्याला टेकवली. सेल्फनं पायाखाली उसळी घेतली आणि सर्रकन फिरला. त्या उसळीनं तीही एक पाऊल मागे गेली. तिच्या कपाळावर काळं लागलं होतं. एवढं खूश झालेलं मी तिला त्याआधी बघितलं नव्हतं.

“आता जाऊन तोंड धुते,” ती म्हणाली. “सर येतील.”

सर चारला आले. सेल्फ ओसरीत होता. त्याच्या कडेची पत्र्याची पट्टी अजून लावायची राहिली होती, त्या फटीतून आतली कॉइल दिसत होती. सरांनी चष्मा वर केला, खाली वाकून बराच वेळ बघितलं.

“पिराजी, मी कारखाने खूप हिंडलोय. मशीनवरसुद्धा असं टेपिंग होत नाही. कुणी केलं हे?”

सुगंधा आतल्या दारात उभी होती. तिनं लुगडं बदललं होतं. अंगणात गाडी बघायला जमलेले चार-पाचजण होते. त्यांतल्या दोघांच्या मोटरी माझ्या गॅरेजात पडलेल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

“मी केलं,” मी म्हणालो.

“पण तुम्ही तर आज हात लावत नाही म्हणालात.”

“तुमच्यासाठी लावला, सर. म्हातारं माणूस बरोबर हाय. म्हटलं, देव समजून घेईल.”

सरांनी मला हात जोडले. शिकलेल्या माणसानं मला हात जोडण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांची आई सुगंधाजवळ गेली आणि तिच्या दंडावर थोपटून म्हणाली, “नवरा गुणी आहे हो तुझा. हातात कला आहे.”

“व्हय,” सुगंधा म्हणाली.

आता सेल्फ गाडीला बसवायचा होता. मीच केलं म्हटल्यावर तो सरांना बसवायला सांगता येईना. मी पान्हा उचलला, गाडीखाली गेलो आणि जन्मात पहिल्यांदा अमावस्येला नट आवळले. किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. जमलेल्यांनी “वा, मिस्त्री” म्हटलं. सरांनी माझ्या नावापुढे माझा पत्ता वहीत लिहून घेतला आणि ते गेले.

सुगंधा भांडी घासत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

“माणसं जमली व्हती गं. कसं सांगणार?”

कढई घासून झाली होती, तरी ती घासतच होती.

पंधरा दिवसांनी सरांचं कार्ड आलं. मला वाचता येत नव्हतं, सुगंधाला येत होतं. तिनंच वाचून दाखवलं. सावंतवाडीच्या बाईला काम येत नव्हतं. वर्ग अजून रखडलेला. तोवर निदान मुलींना चांगलं काम कसं असतं ते बघायला मिळावं, म्हणून मी एक दिवस येऊन मोटर बांधून दाखवावी, अशी त्यांची विनंती होती.

मी म्हणालो, “न्हाई जात. त्यांना सांग, तब्येत बरी न्हाई.”

“जावा,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “त्या दिवशी माणसं व्हती. लाज वाटली असंल, मला कळतंय. तिथं सर एकटे भेटतील. तिथं सांगा.”

“सांगतो.”

तिनं माझा शर्ट कोळशाच्या इस्त्रीनं इस्त्री केला. दशम्या बांधून दिल्या. स्टँडपर्यंत सोडायला आली आणि बस हलताना खिडकीला हात लावून म्हणाली, “आक्काचा पत्ता सांगा त्यांना. गंगावेशीत, पिठाच्या गिरणीवर.”

वर्गात नऊजणी होत्या. कुणी लग्नाच्या वयाच्या, दोघी-तिघी माझ्या बायकोएवढ्या. टेबलावर पंख्याची मोकळी मोटर आणि तारेचं रीळ ठेवलं होतं. मी ठरवलं होतं की आधी सरांना बाजूला घेऊन सांगायचं. पण सर दारातच माझी ओळख करून द्यायला लागले. अमावस्येची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. देवाचा नेम मोडून एका म्हातारीसाठी काम करणारा कारागीर, असं म्हणाले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी तार हातात घेतली.

सुगंधाला बांधताना मी शेकडो वेळा बघितलं होतं. मला वाटलं, बघितलंय म्हणजे येईल. पहिली कॉइल खाचेत बसवताना तार कडेला घासली आणि तिचं वॉर्निश निघालं.

पुढच्या बाकावरची एक काळीसावळी बाई म्हणाली, “मिस्त्री, तार सोलली की.”

“ते चालतंय,” मी म्हणालो.

“चालतंय? मग जळणार न्हाई व्हय?”

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी ती तार काढली, दुसरी घातली. वेढे मोजताना चुकलो. पुन्हा मोजले. पुन्हा चुकलो. बोटांना घाम सुटला होता. तार एकदा पिळली गेली, मग तुटली. आता कुणी हसत नव्हतं. त्या नऊ बायका खाली माना घालून आपापल्या वह्यांकडे बघत होत्या, माझ्याकडे बघायला नको म्हणून.

“मिस्त्री प्रवासानं दमलेत,” सर म्हणाले. “आज इथंच थांबू.”

त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाले, “पिराजी, त्या दिवशीचं काम तुमचं नव्हतं.”

मी ग्लासाकडे बघत होतो.

“मी रागावलेलो नाही. फक्त सांगा, कुणाचं होतं?”

व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. माणसं जमलेली नव्हती. गिऱ्हाईक नव्हतं. एक नाव घ्यायचं होतं फक्त.

“भावाचं,” मी म्हणालो.

“कुठं असतो तो?”

“मुंबईला गेला. परत यायचा न्हाई आता.”

सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. “आणि तुमच्या भागात एखादी बाई? कुणीही. थोडंफार येत असलं तरी चालेल. जूनपर्यंत मिळाली नाही तर वर्ग बंद करावा लागेल मला.”

“न्हाई सर. आमच्याकडं बायका असलं काम करत न्हाईत.”

सर आत गेले आणि एक छापील कागद घेऊन आले. त्यावर शिकवणाऱ्या बाईच्या जागेची सगळी माहिती होती, खाली नाव लिहायला मोकळी ओळ होती. “कुणी भेटली तर द्या,” असं म्हणून त्यांनी तो माझ्या खिशात घातला.

मला अक्षरं साठीनंतर आली. सुगंधानंच शिकवली, पाटीवर काढून देऊन. तेव्हा तो कागद मला वाचता आला नाही. पण तो कुणाला वाचता येईल हे मला पक्कं माहीत होतं, आणि तिच्या हातात तो पडला की तिला काय काय कळेल हेही. परतीच्या बसची खिडकी खडखडत होती. निपाणीच्या अलीकडे मी खिशातून तो कागद काढला, त्याची चौपदरी घडी घातली आणि खिडकीच्या फटीत दाबून बसवला. खडखड थांबली. शेजारचा माणूस म्हणाला, “बरं केलंत, पाव्हणं.” गडहिंग्लज आलं तेव्हा मी उतरलो. कागद तिथंच राहिला.

सुगंधा दारातच बसली होती. मला लांबून बघून उठली. मी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. ती टॉवेल घेऊन उभी होती.

“भेटले सर?”

“भेटले.”

“काय म्हणाले?”

“त्यांना बाई मिळाली,” मी म्हणालो.

टॉवेल तिच्या हातातच होता.

“कवा?”

“कालच. मी जायच्या आदल्या दिवशी.”

“मग तुम्ही सांगितलं न्हाई?”

“आता सांगून काय करायचं व्हतं?”

तिनं टॉवेल मला दिला. मी तोंड पुसलं, लागतं त्यापेक्षा जास्त वेळ पुसत राहिलो. टॉवेल बाजूला केला तेव्हाही ती तिथंच होती.

“तिचा हात बघितला तुम्ही?”

“बघितला.”

“चांगला हाय?”

“चांगला हाय.”

ती म्हणाली, “बरं झालं. त्या पोरींचं अडलं व्हतं.” आणि माझं ताट वाढायला आत गेली.

जूनमध्ये तो वर्ग बंद झाला. त्यानंतर सतरा वर्षं ती माझ्या मोटरी बांधत होती, आणि अधूनमधून, तार ओढता ओढता, विचारायची, “त्या बाईचा वर्ग चालला असंल न्हवं?”

मी म्हणायचो, “चालला असंल.”